कॅटासेटम ऑर्किड: कोंब दिसला म्हणून लगेच पाणी घालू नका

कॅटासेटम हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं ऑर्किड, बाजारात सर्रास मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडसारखं बारा महिने हिरवं राहत नाही. काही महिने सगळी पानं टाकून नुसते जाडजूड बल्ब (पाणी आणि अन्न साठवणारी खोडं) उरतात, आणि लोक तेव्हा झाड मेलं समजून फेकून तरी देतात नाहीतर पाणी ओतत बसतात. दोन्ही करू नका.

रीपॉटिंग दरवर्षी करा, बल्बच्या बुडाशी नवा कोंब दिसला की लगेच. जुनं मॉस (कुंडीत मातीऐवजी भरलेलं वाळलेलं शेवाळ) काढा, पोकळ मुळं कापा, पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत तळाला थर्मोकोलचे तुकडे आणि वर नवं मॉस भरा, कोंबाचं बूड मॉसच्या पातळीला ठेवा. झालं.

आता खरी परीक्षा. इथेच मी सगळ्यात जास्त अडकायचो, कारण कोंब रोज वाढताना दिसतो, पानं उलगडायला लागतात आणि पाणी घालायला हात शिवशिवतात. पण जुनी मुळं संपलेली असतात, नवी अजून आलेली नसतात, मग पाणी पिणार कोण? कोंब वाढतोय तो जुन्या बल्बमधल्या साठ्यावर, म्हणून बल्ब थोडा सुरकुतला तरी घाबरू नका. ओलं मॉस मात्र कोंबाचं बूड कुजवतं, ते तपकिरी, पाणचट होतं आणि हलकं ओढलं तरी अख्खा कोंब हातात येतो.

"मॉस जरासं ओलसर ठेवा", "रोज स्प्रे मारा" हे सल्ले सरळ सोडून द्या. स्प्रेचं पाणी कोंबाच्या पानांच्या पेल्यात साचतं आणि कोंब वरून सडतो, म्हणजे तेच नुकसान दुसऱ्या वाटेने. कुंडी पारदर्शक घ्यायची ती याचसाठी: पांढरी, हिरव्या टोकाची नवी मुळं खाली उतरताना दिसली पाहिजेत. ती 12 ते 15 सेंटिमीटर होईपर्यंत पाणी नाही म्हणजे नाही. त्याआधीच बल्ब फारच आक्रसले तर एकदा कुंडीच्या कडेने थोडं पाणी द्या, बस.

मुळं उतरली की मग कंजुषी नको. भरपूर पाणी, भरपूर उजेड आणि दर आठवड्याला पातळ खत, कारण वर्षभराचा बल्ब याच थोड्या महिन्यांत तयार होतो. पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) येतात, तिथे बघत राहा.

पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत न्या, बहुतेक गळली की बंद.

फुलं आल्यावर नर फुलाच्या आतल्या मिशांना हात लावू नका. त्या जराशा हलल्या की फूल परागपिंड (परागकणांचे चिकट गोळे) जोरात बाहेर फेकतं, डार्विनने 1862 मध्येच हे लिहून ठेवलंय. रानात ते मधमाशीच्या पाठीवर चिकटतात, घरात तुमच्या बोटाला, आणि फूल मग लवकर कोमेजतं.