गोव्याच्या पाण्यावर वीजप्रकल्प आखताना या चुका टाळा

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याला लागणारी बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. तेव्हा सह्याद्रीवरून समुद्राकडे धावणाऱ्या या पाण्यावर आपणच वीज का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ऑगस्टमधली नदी पाहून दिले जाते, आणि जलविद्युत प्रकल्पातली सर्वांत महागडी चूक तिथेच होते.

हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला १ घनमीटर पाणी २० मीटर उंचीवरून पडत असेल आणि यंत्रांची एकूण कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर सुमारे १५७ किलोवॅट वीज मिळते. त्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणले की कागदावर पावणेचौदा लाख युनिट दिसतात. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर एवढेच पूर्ण पाणी मिळाले, तर हा आकडा साधारण ४ लाख ६० हजारांवर येतो; कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. सत्तरी तालुक्यातला जो व्हाळ (ओढा) श्रावणात ओलांडता येत नाही, त्याच्या पात्रात एप्रिलअखेर गोट्यांमधून बोटभर धार झिरपताना दिसते आणि सुकलेल्या शेवाळाची पांढुरकी रेघ खडकावर गुडघाभर उंच राहिलेली असते. म्हणून वार्षिक सरासरी विसर्ग बाजूला ठेवावा आणि वर्षातले किती दिवस किती पाणी वाहते, याचा आलेख काढावा. त्यासाठी शक्य तितक्या अधिक वर्षांच्या नोंदी हव्यात. त्या नसतील तर मोजपट्टी बसवून रोज वाचन घ्यावे. एक-दोन पावसाळ्यांच्या नोंदींवर टर्बाइनची मागणी नोंदवू नये. प्रवाह इतका बदलता असेल, तर एका मोठ्या यंत्रापेक्षा दोन लहान यंत्रे बरी, कारण फ्रान्सिस या नेहमीच्या प्रकारच्या टर्बाइनची कार्यक्षमता कमी विसर्गावर झपाट्याने घसरते.

लहान प्रकल्प निरुपद्रवी असतो, हा दुसरा गैरसमज. केंद्राच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २५ मेगावॅटपेक्षा कमी क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरणीय पूर्वमंजुरी लागत नाही, पण कागदावरच्या या सवलतीमुळे प्रत्यक्ष परिणाम टळत नाही. पाणी वर अडवून पाइपमधून खाली नेले की मधला पट्टा कोरडा पडतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यातून कुळागरांचे (पोफळीच्या बागांचे) पाट निघालेले असतात. पोफळीला पाणी हवे असते ते उन्हाळ्यात. पात्रात कायम सोडायचे पाणी महिनावार ठरवावे आणि ते कमी करता येणार नाही असे बांधकामच करावे. दरवाजाच्या चाकावर ते अवलंबून राहिले, तर विजेची निकड असलेल्या दिवशी ते पहिले बंद होईल.

‘वीजनिर्मितीत पाणी खर्च होत नाही’ हे वाक्य तर अर्धेच खरे आहे. कृष्णेची उपनदी असलेल्या कोयनेचे पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जाते. कृष्णेच्या खोऱ्याच्या दृष्टीने ते गेलेच. पाणी त्याच नदीत परत आले तरी त्याची वेळ बदललेली असते. म्हादई म्हणजे आपल्या मांडवीचाच वरचा प्रवाह; तिच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला दिलेल्या १३.४२ टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ८.०२ टीएमसी पाणी जलविद्युतेसाठी आहे, त्यामुळे ही चिंता आपल्यासाठी केवळ पुस्तकी नाही. मांडवीत भरतीचा प्रभाव गांजेपर्यंत जाणवतो. वरून येणारे गोडे पाणी उन्हाळ्यात घटले की खारे पाणी आणखी आत सरकते आणि खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजनशेतीपासून नदीकाठच्या विहिरींपर्यंत सर्वांना त्याची झळ बसते. संध्याकाळच्या मागणीसाठी यंत्रे चालू-बंद केल्यास नदी रोज अचानक चढते-उतरते. पात्रात उतरून तिसऱ्या आणि खुबे (शिंपले) गोळा करणाऱ्या बायकांना हे आधी कोणी सांगत नाही. प्रभावक्षेत्राची रेषा धरणाच्या पायथ्याशी संपवणारा अहवाल म्हणूनच परत पाठवावा.

खर्चाबाबत एवढेच सांगतो. जागतिक धरण आयोगाने २००० साली तपासलेल्या मोठ्या धरणांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ५६ टक्क्यांनी वाढला होता. अंदाजपत्रकात ही वाढ आणि पुनर्वसनाचा पूर्ण खर्च पहिल्याच दिवशी धरावा. साळावली धरण विजेसाठी बांधलेले नाही, पण त्यात बुडालेल्या कुर्डीचे लोक आजही मे महिन्यात पाणी ओसरल्यावर सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, आणि मोबदल्याच्या रकान्यात या ओढीला जागा नसते.

केंद्र सुरू झाल्यावरच्या तक्रारींत सर्वांत नेहमीची म्हणजे भर पावसात वीज कमी पडणे. अशा वेळी टर्बाइन उघडण्याची घाई करू नये. आधी प्रवेशद्वाराची जाळी पाहावी: माडाच्या झावळ्या, पोफळीची पाने आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांचा चिखलात भिजलेला थर तिथे बसलेला असतो. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाढलेला दिसला, तर बहुधा दोष तिथेच सापडतो. बेअरिंग तापत असेल, तर थंड पाण्याच्या गाळणीत गाळ साठला आहे का ते तपासावे. टर्बाइनमधून खडे आपटल्यासारखा आवाज येत असेल, तर तो पोकळीजन्य झिजेचा, म्हणजे पाण्यातले बुडबुडे फुटून पात्यांची होणाऱ्या झिजेचा, असू शकतो. यंत्र त्या भारावर चालवणे थांबवावे. वाढलेली कंपने ‘नेहमीचीच’ म्हणून सोडून देणे जिवावर बेतते: रशियातील सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी टर्बाइनचे झाकण धरून ठेवणारे कंपनांनी कमकुवत झालेले बोल्ट तुटले आणि ७५ माणसे मेली.

जलाशय जुलैतच काठोकाठ भरून ठेवणे विजेच्या हिशेबाने फायद्याचे वाटते, पण पुढच्या मुसळधार पावसाला मग जागा उरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या तिळारी धरणाच्या पाण्याने उत्तर गोव्यातल्या साळ, इब्रामपूर परिसरात पूर आला, तो सीमेपलीकडच्या धरणाचा इकडच्या गावांशी असलेला संबंध दाखवून गेला. पावसाळ्याच्या प्रत्येक टप्प्याला जलाशयात किती जागा रिकामी ठेवायची, हे आधी लिहून जाहीर करावे. दरवाजे उघडण्यापूर्वी किती तास आधी, कोणत्या गावात, कोणाला फोन जाईल आणि भोंगा कुठपर्यंत ऐकू येतो, याची चाचणी मे महिन्यातच, गावकऱ्यांना सोबत घेऊन करावी.