टूथ अँड नेलची आठवण काढताय? मग प्लेलिस्ट सोडा, बुकलेट उघडा

टूथ अँड नेल या अमेरिकन ख्रिश्चन रॉक लेबलचा (म्हणजे बँडची गाणी काढणाऱ्या कंपनीचा) विषय निघाला की तीच प्लेलिस्ट येते, अंडरओथची दोन गाणी, एमएक्सपीएक्सचं एक, अँबर्लिन, एमरी, झालं. गाणी भारीच आहेत, वाद नाही, पण ही बँडची आठवण झाली, लेबलची नाही. लेबल म्हणजे रेकॉर्डिंग कोणी केलं, कव्हर कोणी काढलं, कोण कोणाबरोबर टूरला गेलं, ती सीडी कुठल्या दुकानात मिळायची, हे सगळं. ते कसं गोळा करायचं ते सांगतो, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी.

नवीन मंडळींसाठी पटकन: ब्रँडन एबल आधी फ्रंटलाइन रेकॉर्ड्समध्ये कामाला होता, १९९३ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात स्वतःचं लेबल काढलं आणि पुढे बाडबिस्तरा घेऊन सिएटलला गेला. तेव्हा ख्रिश्चन संगीत म्हटलं की गुळगुळीत रेडिओछाप गाणी, आणि चर्चमधली पोरं मात्र खोलीचं दार लावून पंक आणि हार्डकोर असलं कर्कश रॉक ऐकत होती. एबलने नेमक्या त्या पोरांचे बँड घेतले. आणखी खतरनाक आवाजासाठी सॉलिड स्टेट नावाचं भावंड निघालं, झाओ वगैरे बँड तिकडे.

आधी काळ ठरवा, नाहीतर पसारा आवरत नाही. लेबल अजून चालू आहे आणि मधल्या काळात तर ईएमआय या बड्या संगीत कंपनीची अर्धी भागीदारी होती, २००० पासून २०१३ पर्यंत, मग एबलने ती सोडवून घेतली. म्हणजे म्हटलं तर एकाच नावाची तीन लेबलं. अंडरओथचा अल्बम २००६ मध्ये बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या क्रमवारीत थेट दुसऱ्या नंबरला आला तो या मधल्या काळातला, तेव्हा पैसा होता, व्हिडिओ होते. माझं विचाराल तर पहिल्यांदा फक्त १९९३ ते १९९९ घ्या. विश फॉर ईडन या बँडपासून सुरुवात करा, लेबलचा पहिला अल्बम त्यांचा, आणि हे नाव आज क्वचितच कोणी घेतं.

आता मुख्य काम. एक सीडी घ्या, गाणी नंतर, आधी बुकलेट बाहेर काढा आणि शेवटच्या पानावरची थँक यू लिस्ट वाचा. फॉन्ट मुंगीएवढा असतो, कधी काळ्यावर गडद निळा, मोबाईलचा टॉर्च लावूनच वाचावं लागतं. क्रम ठरलेला, आधी देव, मग आईबाबा, मग युथ पास्टर (चर्चमधला तरुणांचा पाद्री), मग गर्लफ्रेंड, आणि त्यानंतर सुरू होते बाकीच्या बँडची नावं. ती नावं वहीत उतरवा. शेजारी दोन रकाने ठेवा, एक प्रोड्युसरचा, एक कव्हर करणाऱ्याचा. सात-आठ सीडी झाल्या की तीच तीच नावं फिरून यायला लागतात आणि तिथे खरी मजा सुरू होते.

उदाहरणार्थ स्टारफ्लायर ५९ चा जेसन मार्टिन आणि जॉय इलेक्ट्रिकचा रॉनी मार्टिन हे सख्खे भाऊ. एकाने गिटारची भिंत उभी केली (पहिल्या अल्बमच्या कव्हरवर नुसता चंदेरी रंग, म्हणून सगळे त्याला सिल्व्हरच म्हणतात), दुसऱ्याने गिटारला हात न लावता जुन्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरवर सगळा संसार मांडला. किंवा क्लार्क बंधू बघा, डॉन आणि रायन. ट्रेनिंग फॉर युटोपिया या बँडमध्ये कानठळ्या बसवणारे, नंतर डीमन हंटर हा बँड काढणारे, आणि लेबलची कितीतरी कव्हरं याच दोघांच्या हाताखालून गेलेली, आधी अ‍ॅस्टेरिक स्टुडिओ आणि मग इन्व्हिजिबल क्रीचर या नावाने. आरोन स्प्रिंकल हे तिसरं नाव, पुअर ओल्ड लू मधला गिटारवाला, त्यानेच पुढे अँबर्लिनचे पहिले तिन्ही अल्बम प्रोड्युस केले. प्लेलिस्टमध्ये हे काही दिसत नाही, तिथे क्रेडिट असली तरी अर्धवट, आणि थँक यू लिस्ट तर नाहीच.

सीडी मिळवायच्या कुठून? डिस्कॉग्स या सीडी-रेकॉर्ड विकत मिळणाऱ्या वेबसाइटवर बहुतेक सगळं सापडतं. विकणाऱ्याला आधी विचारा बुकलेट आहे का आणि आतल्या पानांचा फोटो मागा, कारण आपल्याला डिस्कपेक्षा कागद हवाय. केसच्या कडेला करवतीची खाच असेल तर घाबरू नका, तो स्वस्तात काढलेला जुना स्टॉक, डिस्क चांगली असते. भारतात मागवलं तर सीडीपेक्षा टपाल महाग पडतं, त्यामुळे अमेरिकेतून सुट्टीला कोणी येत असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि प्लास्टिकचा डबा तिकडेच ठेवायला सांगा, डिस्क आणि कागद बॅगेत कुठेही बसतात, काजूकतलीच्या बदल्यात कोणीही आणतं. बजेट कमी असेल तर सॉंग्ज फ्रॉम द पेनल्टी बॉक्स नावाचे लेबलचेच संग्रह बघा, एका डिस्कवर ढीगभर बँड.

रिप करायला, म्हणजे सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर घ्यायला, एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा, फाइल फ्लॅकमध्ये, त्यात आवाजाचा दर्जा घटत नाही. डिस्क पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्यायचं, गोल गोल घासायचं नाही. आणि शेवटच्या गाण्यानंतर दहा मिनिटं शांतता असेल तर ती कापू नका प्लीज, नव्वदच्या दशकातल्या पोरांना तिथे गाणं लपवायची खोड होती. बुकलेट ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पिना काढू नका, पानं फाटतात.

कागद झाला की माणसं. लोकांना "टूथ अँड नेलबद्दल काय वाटतं" असं विचारलंत तर "माझं तारुण्य होतं यार" एवढंच येतं, त्याचं काय करणार. नेमकं विचारा. पहिली सीडी कुठून घेतली? तिकडे अमेरिकेत ख्रिश्चन पुस्तकांच्या दुकानात बायबल आणि ग्रीटिंग कार्डांच्या मागे एक रॅक असायचा आणि भिंतीवर तक्ता, अमुक प्रसिद्ध बँड आवडत असेल तर हा आमचा बँड ऐका. त्या तक्त्याला तेव्हा सगळे हसायचे आणि गुपचूप त्यावरूनच सीडी निवडायचे. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स ही मोठी साखळी २०१७ मध्ये बंद पडली, त्यामुळे या दुकानांच्या आठवणी आता माणसांकडेच उरल्यात. दुसरा प्रश्न: कॉर्नरस्टोनला गेला होतात का? हा फेस्टिव्हल १९८४ ते २०१२ चालला, शेवटची बरीच वर्षं इलिनॉयमधल्या बुशनेलला, जुलैचं ऊन, धूळ, आणि कोणीही स्वतःचा जनरेटर लावून स्टेज उभं करायचं. तिथून परतताना १९९५ मध्ये लक्झरी या बँडच्या व्हॅनला भीषण अपघात झाला, सगळे वाचले, आणि पुढे त्यातले तिघं ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पाद्री झाले. असं काही कुठल्या प्लेलिस्टमध्ये मिळणार? ऐकायला वेळ असेल तर लेबल्ड नावाचा पॉडकास्ट लावा, एमरीचा मॅट कार्टर जुन्या लोकांना बोलतं करतो.

एक गोष्ट मात्र झाकू नका. सगळे काही श्रद्धेत राहिले नाहीत. पेड्रो द लायन या बँडचा पहिला ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) याच लेबलवर १९९७ मध्ये आला, आणि त्याचा डेव्हिड बझान पुढे ख्रिश्चन धर्मापासून दूर गेला, त्याबद्दल गाणीही केली. अंडरओथनेही नंतर आम्ही ख्रिश्चन बँड नाही असं स्पष्ट सांगितलं. काही जुने फॅन हे वाक्य आलं की विषय बदलतात, काही उलट फक्त तेवढंच सांगत बसतात. दोन्हीकडचं लिहून घ्या, ज्याचं त्याच्या शब्दात, तुम्ही मध्ये न्यायाधीश होऊ नका.

जमा झालेलं मांडायचं साधं आहे. एका अल्बमला एक पान, वर कव्हर, खाली तीन रकाने, त्याखाली कोणाची तरी आठवण. पूर्ण अल्बम कुठेही अपलोड करू नका, हक्क त्यांचे आहेत आणि यातले बरेच जण अजून गाणी विकून पेट्रोलचे पैसे काढतात.

आणि मित्रांना बोलावून एकत्र ऐकणार असाल तर प्रसिद्ध गाणी शेवटी ठेवा, नाहीतर ती संपली की लोक चपला शोधतात. मध्यावर डॅनियलसन फॅमिली लावा, नर्सचे पोशाख घालून स्टेजवर येणारं अख्खं कुटुंब आणि तो चिरका वरचा आवाज. अर्धे जण चहा करायला उठतील. उरलेल्या अर्ध्यांचे नंबर घेऊन ठेवा, पुढचं स्कॅनिंग तेच करणार आहेत.