घरातल्या छोट्या गूढाचा छडा कसा लावायचा, आणि तोही कुणावर आळ न घेता

आमच्या घरी दोन-तीन दिवसांआड सकाळी किचनच्या फरशीवर पाणी सापडायचं आणि आठवडाभरात सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की आजी रात्री पाणी प्यायला उठते, तिचा हात थरथरतो, म्हणजे तीच सांडत असणार. आजी म्हणत होती, मी नाही सांडलं. तिच्याशी कुणी भांडलं नाही, उलट "जाऊ दे गं आजी, होतं असं" म्हणत प्रेमाने पुसून घ्यायचे, आणि मला तेच जास्त लागलं, कारण भांडण झालं असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं की कशावरून. चोर सोडून संन्याशाला फाशी हे घरातच सगळ्यात पटकन होतं, कारण घरात कोण कसं आहे हे आपल्याला आधीच "माहीत" असतं. मग मी ठरवलं की नीट शहानिशा करायचीच. त्यातून जे जमलं ते सांगते, हरवलेली किल्ली असो, तुटलेली कडी असो, नाहीतर आपोआप उघडं राहणारं दार, पद्धत तीच चालते.

सगळ्यात आधी हात आवरा. आम्ही आठवडाभर दर वेळी पुरावाच पुसत होतो. पाणी दिसलं की आधी फोटो काढा, लांबून एक आणि जवळून एक, आणि मग खडूने पाण्याच्या कडेकडेने रेघ मारून बाजूला वेळ लिहा. अर्ध्या तासाने परत बघा की पाणी रेघेच्या बाहेर गेलंय का, कोणत्या बाजूला गेलंय. किल्ली हरवली असेल तर शोधताना वस्तू इकडच्या तिकडे करू नका, आधी जे जसं आहे तसं बघून घ्या, एकदा ढिगारा उपसला की कुठे काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

मग माणसांना विचारा, पण एकेकट्याला, आणि सगळे जेवायला एकत्र बसायच्या आधी. हे फार महत्त्वाचं आहे. 2003 साली गॅबर्ट, मेमन आणि ॲलन या संशोधकांनी लोकांना एकाच घटनेचा व्हिडिओ दाखवला होता, पण जोडीतल्या दोघांना वेगवेगळ्या कोनातून, म्हणजे एकाला जे दिसलं ते दुसऱ्याला दिसूच शकत नव्हतं. नंतर ज्यांनी आपसात चर्चा केली त्यांच्यातल्या 71 टक्के लोकांनी स्वतः न बघितलेली एखादी तरी गोष्ट बघितली म्हणून सांगितली. कुणी खोटं बोलत नव्हतं हो, ऐकलेलं आणि बघितलेलं डोक्यात मिसळून जातं एवढंच. आमच्याकडे भाऊसुद्धा "आजी रात्री उठली होती" म्हणत होता आणि जरा खोदून विचारल्यावर कळलं की ते त्याने आईकडून ऐकलेलं, तो स्वतः तेव्हा झोपलेला होता.

विचारायचं कसं यावर तर मी हात जोडून सांगेन की प्रश्नात उत्तर घालू नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग आहे, त्यात गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं की गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता, आणि काहींना नुसतं धडकल्या असं म्हणून. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फिल्ममध्ये नव्हतीच, तरी जोरदार शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, आणि साध्या शब्दवाल्या 50 पैकी 7. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो. त्यामुळे "आजीने कधी सांडलं?" असं विचारायचंच नाही. "काल रात्री झोपायला गेलास तिथपासून सकाळपर्यंत किचनमध्ये गेलास का, गेलास तर काय काय दिसलं, पहिल्यापासून सांग" असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं, मध्ये तोडायचं नाही.

हे सगळं त्याच दिवशी लिहून काढा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे "पाहिलं", उजवीकडे "वाटलं". आमच्या पानाची डावी बाजू बघून मलाच धक्का बसला. आईने पाहिलं होतं की सात वाजता सिंकखाली पाणी आहे. भावाने पाहिलं होतं की पहाटे पाचला फ्रीजसमोर पाणी आहे. बाबा म्हणाले, फ्रीज असूच शकत नाही, महिन्यापूर्वी दाखवलाय, हे गेलं उजवीकडे, कारण महिन्यापूर्वी दाखवला एवढंच त्यांनी पाहिलेलं, आज चांगला आहे हे नाही. आजीने सांडलं हे तर अख्ख्या घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं. आजीच्या नावापुढे डावीकडे एकच ओळ होती, रात्री एकला पाणी प्यायले, फरशी कोरडी होती. तिला मी विचारलं, दिवा लावला होतास का? लावला होता आणि अनवाणी होती. हेही तपासायचं असतं, कारण "नव्हतं" आणि "दिसलं नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, अंधारात चप्पल घालून गेलेल्याला कोरडं वाटण्याला काही किंमत नाही, पण उजेडात अनवाणी पायाला कोरडं लागलं तर त्याला चांगलंच वजन आहे.

आता आई म्हणते सिंकखाली आणि भाऊ म्हणतो फ्रीजसमोर. अशा वेळी कोण चुकतंय हे आधी विचारू नका, दोघंही बरोबर असतील तर काय असेल हे आधी विचारा. मी फ्रीजसमोर पेलाभर पाणी मुद्दाम ओतलं आणि बघत बसले, ते हळूहळू सरकत सिंकच्या दिशेने गेलं, फरशीला तिकडे उतार आहे. म्हणजे दोघांनी एकच पाणी बघितलं होतं, दोन तासांच्या फरकाने! आठवडाभर दोघं एकमेकांना खोटं पाडत होते.

यानंतर शक्यता मांडायच्या, आणि जरा मन मोठं करून ज्या पटत नाहीत त्याही. आजी, सिंकचा पाइप, फ्रीज, खिडकीतून येणारा पाऊस. न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे तर आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, धूर आणि अग्नीचं प्रसिद्ध उदाहरण आहे, धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. उलट बाजूने गेलं की फसायला होतं. सांडलं तर फरशी ओली होते, हे खरंच, पण फरशी ओली म्हणजे सांडलंच, हे नाही. म्हणून प्रत्येक पुराव्याला विचारायचं की ही शक्यता खरी असती तर हे दिसलं असतं का, आणि ती खोटी असती तरी दिसलं असतं का. दोन्हीकडे "हो" येत असेल तर तो पुरावा कितीही ठसठशीत वाटला तरी कामाचा नाही. थरथरणारा हात तसाच होता, पाणी कुठूनही आलं असतं तरी हात थरथरतच होता. (याचं गणित थॉमस बेझ या इंग्रज गणितज्ञाच्या 1763 साली छापलेल्या निबंधातून पुढे आलंय, पण घरात आकडेमोड लागत नाही, प्रश्न पुरतो.)

आणि मग अशी चाचणी शोधा जिथे प्रत्येक शक्यता वेगळं उत्तर देईल. मी रात्री टिश्यू पेपरचे चार तुकडे ठेवले, पेन्सिलने नंबर घालून, कारण शाई फुटते. एक सिंकच्या पाइपखाली, एक खिडकीखाली, एक फ्रीजच्या दाराखाली अगदी कडेला, एक आजीच्या तांब्याजवळ. पहिल्या दोन रात्री काहीच नाही, सगळे कोरडे, आणि घरात लगेच "बघ" सुरू झालं. घाई करू नका, जे दोन-तीन दिवसांआड होतं त्याला दोन रात्री पुरत नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबर लगदा झालेला, बाकीचे कुरकुरीत.

दार उघडून खालचा ड्रॉवर काढला तर त्याखाली बर्फाचा पातळ थर. ज्या फ्रीजमध्ये बर्फ आपोआप वितळतो त्यात ते पाणी आत मागच्या बाजूच्या एका भोकातून नळीने खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. ते भोक तुंबलं की पाणी आतच साचतं आणि कधीतरी दाराखालून बाहेर येतं, म्हणून रोज नाही, अधूनमधून. फ्रीज बंद करून प्लग काढला, बर्फ आपोआप वितळू दिला (टोकदार वस्तूने खरवडू नका, आतलं काही फुटलं तर मोठा खर्च), मग भोकात थोडं थोडं कोमट पाणी सोडलं, तिसऱ्यांदा ते गुळगुळ करून खाली गेलं. त्यानंतरही दहा दिवस तीन नंबरचा टिश्यू मी ठेवतच होते, कारण सापडलं असं वाटणं आणि थांबलं हे दिसणं या दोन गोष्टी आहेत. दहाही दिवस कोरडा.

ज्याच्यावर संशय होता त्याला हे सगळ्यांसमोर सांगा, जिथे संशय घेतला होता तिथेच. मी जेवताना वही उघडून वाचून दाखवली. तेव्हा आजी म्हणाली की तुम्ही सगळे म्हणत होतात, म्हणून तू विचारलंस त्या दिवसापासून मी रात्री पाणी प्यायला उठणंच बंद केलं होतं, त्या टिश्यूच्या तिन्ही रात्री मी उठलेच नव्हते. हा सगळ्यात मोठा पुरावा तिच्याकडे होता आणि मी तिला रात्री काय पाहिलंस एवढंच पहिल्या दिवशी विचारलं, नंतर परत विचारलंच नाही. त्या रात्री तिने तांब्या स्वतः भरला आणि उशाशी न ठेवता किचनच्या ओट्यावर, नेहमीच्या जागी ठेवला.