आयसीयूत शिरेतून पोषण देताना साखर आणि चरबीचा हिशेब: या चुका टाळा

पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, आतडी चालत नाहीत, म्हणून टीपीएन, म्हणजे सगळं पोषण शिरेतून देणं, सुरू झालं. दुसऱ्या दिवशी साखर २८०. लगेच इन्सुलिन वाढवलं जातं, आणि पहिली चूक इथेच होते. इन्सुलिन लागेलच, पण त्याआधी शिरेतून मिनिटाला किती ग्लुकोज जातंय ते मोजा. साखरेचा नमुना टीपीएन चालू असलेल्या लाइनमधून तर घेतला नाही ना, हेही सिस्टरांना विचारा.

इतकं आजारी शरीर किलोमागे मिनिटाला फार तर ४ ते ५ मिलिग्रॅम ग्लुकोज जाळू शकतं. ६० किलोच्या पेशंटला २५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) ताशी १०० मिलिलीटरने लावलं, की हा आकडा जवळजवळ ७ वर जातो. वरच्या साखरेची चरबी होऊन ती यकृतात साचते, आणि त्या खटाटोपात कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो बाहेर टाकायचा कुणी? त्याच दमलेल्या फुप्फुसांनी. व्हेंटिलेटर सुटत नसेल तर एक्स-रेसोबत टीपीएनची पिशवीही पाहा.

म्हणून काही कॅलरी चरबीतून द्यायच्या. तिथे प्रोपोफॉल फसवतं. गुंगीचं हे दुधासारखं औषध म्हणजे १० टक्के तेलाचं इमल्शन, मिलिलीटरला १.१ कॅलरी. ताशी १५ मिलिलीटर चालू असेल तर दिवसात ३६ ग्रॅम चरबी आणि जवळपास ४०० कॅलरी जातात. नोंद मात्र औषधांच्या चार्टवर, त्यामुळे पोषणाच्या हिशेबात ती येतच नाही. सगळी चरबी मिळून दिवसाला किलोमागे दीड ग्रॅमच्या आत हवी, म्हणजे आपल्या पेशंटला ९० ग्रॅम. औषधं पातळ करायला वापरलेलं ५ टक्के डेक्स्ट्रोजही असंच निसटतं. लिटरमागे ५० ग्रॅम ग्लुकोज.

रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, ४०० च्या वर गेले तर चरबी कमी करा किंवा थांबवा, पण पुन्हा तपासून सुरू करायला विसरू नका. चरबी आठवडेच्या आठवडे बंद राहिली तर आवश्यक फॅटी ॲसिड कमी पडतात, त्वचा कोरडी होऊन खपल्या सुटतात.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला ग्लुकोजआधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्या, वेग हळूहळू वाढवा आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज पाहा. रात्री पिशवी अचानक संपली आणि नवी आली नाही, तर तोवर १० टक्के डेक्स्ट्रोज लावा. इन्सुलिनचा पंप तसाच चालू राहिला तर साखर झपाट्याने कोसळते, आणि गुंगीतला पेशंट ते सांगू शकत नाही.