घोट्याच्या केसची आदल्या दिवशीची तयारी

उद्याच्या ओटी लिस्टवर घोट्याचं फ्रॅक्चर असेल तर आज संध्याकाळी सगळ्यात आधी स्लॅब (पायाला आधार देणारं अर्धं प्लास्टर) सोडून कातडी बघ. फाइल नंतर, भुलेसाठीचा फिटनेस नंतर. मी फर्स्ट इयर रेसिडेंट असताना हे केलं नाही. काका रात्रीपासून उपाशी, पाठीतून स्पायनल भूल दिलेली, आणि टेबलावर स्लॅब सोडला तर जिथे चीर द्यायची तिथेच रक्ताने भरलेले दोन फोड. केस रद्द झाली. मुलगा रजा टाकून गावाहून आला होता. आता सूज उतरेपर्यंत थांबावं लागेल, हे त्याला सांगायला मीच गेलो.

कातडी बघणं म्हणजे बँडेजबाहेरची बोटं बघणं नव्हे. कापूस पूर्ण काढ, टाचेमागेही बघ. पाऊल घोट्यातून हलकेच वर वाकवलं की पुढच्या कातडीला बारीक सुरकुत्या पडायला हव्यात. चकचकीत, ताणलेली असेल तर अजून वेळ आहे. फोड पाण्याचा की रक्ताचा तेही लिही. रक्ताचा असेल तर इजा जास्त खोल असते. जे दिसेल ते रात्रीच सरांना फोन करून सांग. ओरडले तर ओरडू देत.

कन्सेंट, रिपोर्ट, बाजूची खूण हे सांगायला नको. एक्स-रे तीन हवेत: समोरून, बाजूने आणि मॉर्टिस, म्हणजे घोट्याच्या सांध्याची खाच नीट दिसेल असा. मॉर्टिसला पाय 15 ते 20 अंश आत वळवायचा असतो, तेव्हा स्वतः तिथे उभा राहा. टॅलस (घोट्याच्या खाचेत बसणारं पावलाचं हाड) 1 मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातला संपर्क 42 टक्क्यांनी घटतो, हे रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी 1976 मध्येच दाखवलंय. कसाबसा काढलेला एक्स-रे चालवून घेऊ नकोस.

डायबेटिस असेल तर पावलाच्या दोन्ही नाड्या तपास, तळव्याला 10 ग्रॅमचं मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा धागा) लाव. संवेदना गेली असेल तर प्लॅनच बदलतो: प्लेट-स्क्रूची पकड जास्त मजबूत हवी आणि पायावर वजन बरंच उशिरा.

ट्रेमध्ये वन-थर्ड ट्यूब्युलर प्लेट (हाड जोडायची पातळ पट्टी), 3.5 मिलिमीटरचे स्क्रू, सिंडेस्मोसिससाठी (पायाची दोन हाडं घोट्यापाशी बांधणारा जोड) लांब साइझही. ट्रे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला जायच्या आधी सिस्टरांसोबत मोज. टूर्निकेटखाली (रक्तप्रवाह थांबवायला बांधायचा पट्टा) कापूस, सुरू केल्याची वेळ फळ्यावर. सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) कुठल्या बाजूने, ते ओटीतल्या मामांना आधीच सांग.

नंतरचं: पाय उंच, बोटांची हालचाल, एक्स-रे, नोट.

आणि सकाळी ओटीत शिफ्ट करण्याआधी कातडी पुन्हा बघ. नव्या फ्रॅक्चरला एका रात्रीतही फोड येतात.