सेप्टिकचे घर: मॅसॅच्युसेट्समध्ये नव्याने घर घेणाऱ्यांसाठी

बोस्टनच्या पश्चिमेकडील ॲक्टन, वेस्टफर्ड यांसारख्या गावांत चांगल्या शाळांच्या ओढीने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना अपार्टमेंटमध्ये कधी न पडलेला एक प्रश्न प्रथमच पडतो. या गावांच्या बऱ्याच भागांत सार्वजनिक गटार नाही, आणि घरातले सगळे सांडपाणी ‘सेप्टिक’ नावाच्या व्यवस्थेतून आपल्याच अंगणात जिरवण्याची जबाबदारी घरमालकावर असते. अमेरिकेत पाचांपैकी एकाहून अधिक घरे याच पद्धतीवर चालतात, त्यामुळे अशा घराला घाबरून चांगले घर सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अंगणाखाली काय आहे हे समजून न घेता तिथे राहणे फार महाग पडू शकते.

घरातून निघणारी नळी आधी जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या टाकीत जाते. मॅसॅच्युसेट्सच्या ‘टायटल फाइव्ह’ या नियमावलीप्रमाणे नव्या टाकीची क्षमता किमान 1,500 गॅलन, म्हणजे सुमारे 5,700 लिटर असावी लागते. टाकीत जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, तेल-तूप व साबणाचा थर तवंगासारखा वर तरंगतो आणि मधले तुलनेने निवळ पाणी बाहेर जाणाऱ्या नळीतून पुढे सरकते. ते वितरण पेटीत, म्हणजे इथले लोक ज्याला ‘डी-बॉक्स’ म्हणतात त्यात येते, आणि तेथून सच्छिद्र नळ्यांवाटे खडी व वाळूच्या थरांतून जमिनीत मुरते. या शेवटच्या भागाला लीच फील्ड म्हणतात. कोकणात घरामागे असतो त्या शोषखड्ड्याचेच काम ते करते, पण त्याची आखणी जमिनीची पाणी शोषण्याची चाचणी घेऊन, भूजलापासून ठरावीक उंची राखून केलेली असते.

टाकी बिघडली तर ती दुरुस्त होते किंवा बदलता येते. लीच फील्ड एकदा तुंबले की सहसा नवे बांधावे लागते आणि तो खर्च दहा हजार डॉलर्सच्या पटींत जातो. ते तुंबते कारण गाळ किंवा चरबी टाकीतून निसटून मातीपर्यंत पोहोचते, तिथे जिवाणूंचा चिकट थर दाट होत जातो आणि मातीची छिद्रे बुजतात. म्हणून सेप्टिकच्या देखभालीत जे काही करायचे ते घन पदार्थ, चरबी आणि अनावश्यक पाणी या मातीपर्यंत जाऊ नये यासाठीच करायचे असते.

त्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून होते. दिवाळीच्या फराळानंतर कढईत उरलेले तेल, भाजीचा तर्रीदार रस्सा, तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी यांपैकी काहीही सिंकमध्ये ओतू नये. तेल गार झाल्यावर रिकाम्या डब्यात भरून कचऱ्यात द्यावे आणि खरकटी भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्यावीत. सिंकखाली अन्न दळणारे यंत्र असेल, तर सेप्टिक त्यासाठी बांधलेले आहे का हे आधी विचारावे, कारण तसे यंत्र असल्यास टायटल फाइव्ह दोन कप्प्यांची टाकी आणि दीडपट मोठे लीच फील्ड मागते. तशी व्यवस्था नसेल तर ते यंत्र काढून टाकणेच उत्तम. भाताची शिते, डाळीची सालपटे, चहाचा चोथा हे सारे जाळीत अडकवून कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये जावे. ‘फ्लश करता येतात’ असे छापलेले ओले रुमालही संडासात टाकू नयेत. गणपतीचे विसर्जन घरीच बादलीत केले असेल, तर विरघळलेली शाडूची माती टबात किंवा संडासात ओतण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी घालावी, कारण ही बारीक माती टाकीत कधीच कुजत नाही.

पाण्याचा हिशेब वेगळा आहे. व्यवस्थेची क्षमता दर बेडरूममागे दिवसाला 110 गॅलन या दराने ठरवलेली असते. शनिवारी सकाळपासून कपड्यांचे पाच-सहा घाणे लागोपाठ लावले, की टाकीतले पाणी निवळायला वेळच मिळत नाही आणि गाळ पुढे ढकलला जातो. कपडे आठवडाभर विभागून धुवावेत. गळणाऱ्या संडासाकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नये. एक सतत वाहणारा फ्लश दिवसाला 200 गॅलनपर्यंत, म्हणजे जवळपास दोन बेडरूमइतके पाणी वाया घालवू शकतो. तळघरातील पाणी उपसणाऱ्या पंपाची नळी किंवा छपराचे पाणी सेप्टिककडे वळवलेले नाही ना, हेही पाहावे.

टाकीचे पंपिंग साधारण तीन ते पाच वर्षांनी करावे. त्या दिवशी शक्य असेल तर घरी थांबावे. टँकर येतो, माणूस झाकण उघडतो, खुणा केलेली लांब काठी घालून गाळाची उंची मोजतो. तळाचा गाळ बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडापासून 12 इंचांच्या आत आला असेल, किंवा तवंगाचा खालचा भाग त्या तोंडापासून सहा इंचांच्या आत असेल, तर टाकी रिकामी करण्याची वेळ झालेली असते. हे दोन आकडे आणि तारीख लिहून ठेवावी. त्यावरून आपल्या घराला खरोखर किती वर्षांनी पंपिंग लागते हे कळते. बाहेरच्या नळीवरचा ‘टी’ आकाराचा तुकडा शाबूत आहे का ते बघायला सांगावे. तो गळून पडला असेल तर तवंग थेट लीच फील्डमध्ये जातो. त्या नळीवर गाळणी असेल तर तीही धुऊन घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांवर पैसे घालवण्याची गरज नाही, कारण लागणारे जिवाणू मैल्यातच असतात. झाकणातून स्वतः आत डोकावू नये आणि टाकीत कधीही उतरू नये. आतले विषारी वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतात, आणि वाचवायला उतरणाराही त्यात सापडतो.

टाकी आणि लीच फील्ड नेमके कुठे आहेत याचा नकाशा गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे, म्हणजे आरोग्य मंडळाकडे मिळतो. घर घेतल्याबरोबर त्याची प्रत काढावी. त्या जागेवर फक्त गवत असावे. तिथे झाडे लावू नयेत, शेड बांधू नये, आणि कार्यक्रमाला पाहुणे आले की गाड्या तिथे उभ्या करू देऊ नयेत. लीच फील्डवर बाकीच्या हिरवळीपेक्षा गडद, ओलसर पट्टा दिसणे, किंवा तळमजल्यावरील न्हाणीतून पाणी उलटे येणे ही धोक्याची लक्षणे असून त्यासाठी त्याच आठवड्यात माणूस बोलवावा.

आईवडील येणार म्हणून तळघरात खोली काढण्याचा विचार अनेक जण करतात. सेप्टिकची मंजुरी बेडरूमच्या संख्येला असल्यामुळे, तीन बेडरूमच्या व्यवस्थेवर चौथी वाढवण्याआधी बोर्ड ऑफ हेल्थला विचारावेच लागते.

पिण्याचे पाणी स्वतःच्या विहिरीचे असेल, तर ती लीच फील्डपासून 100 फुटांवर असावी आणि वर्षातून एकदा पाण्यातील जिवाणू व नायट्रेट तपासावे. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 10 मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळांसाठी ती ओलांडणे धोक्याचे असते.

घर विकताना टायटल फाइव्हची तपासणी विक्रीच्या आधीच्या दोन वर्षांत झालेली असावी लागते. दरवर्षी पंपिंग केल्याच्या पावत्या असतील तर ती तीन वर्षे ग्राह्य धरली जाते. खरेदीदार म्हणून तुम्ही तो अहवाल पूर्ण वाचावा, आणि ‘सशर्त उत्तीर्ण’ असा शेरा असेल तर अट कोणती व ती कोण पुरी करणार, हे करारात लिहून घ्यावे. नापास व्यवस्था साधारणपणे दोन वर्षांत सुधारावी लागते. तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराची अशी दुरुस्ती झाल्यास राज्य आयकरात एकूण 18,000 डॉलर्सपर्यंत, पण एका वर्षात जास्तीत जास्त 4,000 डॉलर्स, सवलत मिळते. त्यासाठी दुरुस्तीची बिले आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवावा.