ऐरोलीची खाडी आणि मीटरमधलं शून्य

एम.एस्सी. केमिस्ट्री करून रबाळे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये लागलो, तेव्हा वाटायचं, सेन्सर आल्यावर ब्युरेटला, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडणाऱ्या त्या काचेच्या नळीला, विचारतो कोण! या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या बहुतेकांना हेच वाटतं, म्हणून माझी फजिती सांगतो.

ऐरोलीजवळ खाडीचं पाणी तपासायचं होतं. माझ्या हातात ऑप्टिकल डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा. प्रोबच्या टोकाच्या चकतीवर निळा प्रकाश पडला की ती लालसर चमकते; ऑक्सिजन जितका जास्त, तितकी ती चमक लवकर विझते. मीटर ते विझणं मोजतो. प्रोब बुडवला, आकडा थांबला, वहीत लिहिला. झालं काम. सोबतचे काका मात्र तोच ऑक्सिजन जुन्या रासायनिक पद्धतीने मोजायला बुडबुडा राहू न देता 300 मिलीची बाटली भरत बसले. मँगनीज सल्फेट, अल्कली आयोडाइड, मग तपकिरी साका खाली बसेपर्यंत वाट. (मी तोवर चहा पिऊन आलो.) दुपारी लॅबमध्ये थायोसल्फेटच्या शेवटच्या थेंबाला स्टार्चचा निळा रंग गेला आणि काकांचा आकडा माझ्यापेक्षा बराच कमी आला.

"भरती होती ना रे? मीटरला खारटपणा सांगितलास?"

नव्हता सांगितला. त्या रकान्यात शून्यच होतं. प्रोबला कळतो तो ऑक्सिजनचा दाब. मिलिग्रॅमचा आकडा मीटर खारटपणा धरून हिशोबाने काढतो. 25 अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन साधारण 8.3 मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. माझी सगळी रीडिंग फुगलेली. ज्यावरून खारटपणा काढता येतो ती कंडक्टिव्हिटी (पाण्याची विद्युतवाहकता) हीही टिपली नव्हती, त्यामुळे मागाहून दुरुस्तीही जमेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीवर, पुन्हा तोच चिखल.

तेव्हापासून कुठलंही उपकरण हाती आलं की आधी बघतो, याला नेमकं दिसतं काय. पीएम 2.5 चे, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचे, स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरलेला लेसरचा प्रकाश मोजतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत कण पाणी धरतात आणि आकडा उगाच चढतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर साधारण 660 आणि 940 नॅनोमीटरचा प्रकाश रक्तात किती शोषला जातो ते बघतो. मध्ये गडद नेलपॉलिश आलं की गोंधळतो. माझा वर्गमित्र ठाण्यात हॉस्पिटलांच्या उपकरणांची सर्व्हिसिंग करतो. आमची रडगाणी ऐकाल तर दोघं एकाच मशीनबद्दल बोलतोय असं वाटेल.

म्हणून नोकरी शोधताना कुठलं मशीन चालवलंय याच्या यादीपेक्षा एका मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा आकडा माहीत असलेल्या प्रमाणाशी जुळवणं, नीट सांगता येणं मला मोलाचं वाटतं. आणि निदान एक टायट्रेशन (काकांसारखं रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडून मोजणं) हाताने करा, कंटाळा आला तरी.

पीएचचा इलेक्ट्रोड मात्र डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवून ठेवू नका, केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) द्रावणात ठेवा. माझे दोन गेले.